टेबल, लाकडी, जुने, एक

चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. या काळात मी पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण पकडलं, आतून पोखरलेली वजनं पकडली, टोकाला झिजवलेल्या मीटरपट्ट्या पकडल्या, आणि कुठल्याही दुकानातून टाचणीसुद्धा उचलली नाही. दुकानदाराने चहा मागवला की मी घरून पिऊन आलोय असं सांगायचो, मग प्यायलेलो असो वा नसो. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की गेल्या महिन्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी भर दुपारी आठ फूट लांबीचं टेबल चोरलं. ते ऐकून माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. चोरी माझ्या हातून झाली असली तरी बेत माझा नव्हता. बेत माझ्या बायकोचा होता. म्हणजे माजी बायकोचा.

'माजी' हा शब्द नगराध्यक्षाला शोभतो, बायकोला लावताना जीभ अडखळते. आमचा घटस्फोट होऊन अठरा वर्षं झाली. का झाला ते विचारू नका, आम्हाला कोर्टातही नीट सांगता आलं नव्हतं. निकालपत्रात कपाट कुणाचं, घड्याळ कुणाचं, सगळं तपशीलवार लिहिलं होतं. एकच गोष्ट राहून गेली, ती म्हणजे पुढे कधी गाठ पडली तर एकमेकांना हाक काय मारायची. मी काही दिवस 'हे बघा' म्हणून पाहिलं, पण ते खात्याच्या नोटिशीसारखं वाटायला लागलं, म्हणून पुन्हा 'अगं'वर आलो. ती मात्र पहिल्यापासून 'अहो'च म्हणत राहिली. मी एकदा आडून आडून विषय काढला, तर म्हणाली, "मी पोस्टमनलाही अहोच म्हणते." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तर गेल्या महिन्यात एका सकाळी ती माझ्या घरी आली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच दोन जिने चढून आली होती. खुर्चीवर बसली आणि मान वळवून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागली. मला ती नजर ओळखीची वाटली. संसार होता तेव्हा महिन्यातून दोन-तीनदा तरी ती माझ्या वाट्याला यायची. पण मी चहाचा कप पुढे केला आणि तिचा हात कपाच्या बाजूने हवेत गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही ती नजर नव्हे.

"डोळ्यांचा मधला भाग गेलाय," ती म्हणाली. "कडेने दिसतं. तुमच्या नाकाकडे बघितलं की कान दिसतात. तसं काही बिघडत नाही त्याने."

मग तिने पिशवीतून एक पांढरा गाऊन काढला. ती शाळेत शिवणाच्या बाई होती. गावातल्या दवाखान्याचे ऑपरेशनचे गाऊन तीस वर्षं तीच बेतते आणि शिवते. गाऊन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाही मोजा. आणि खरं सांगा."

माझ्या खिशात टेप असतोच. मी मोजलं. पुन्हा मोजलं. बाही सव्वा इंचाने आखूड होती. एखाद्या दुकानदाराची चूक सापडली की मला मनातून जरा बरं वाटायचं, हे मी आता कबूल करतो. त्या दिवशी मात्र मी टेप तिसऱ्यांदा लावला. या बाईने आयुष्यात एक सूतभरही कापड वाकडं कापलेलं मी पाहिलं नव्हतं. पण खरं सांगा म्हणाली होती, म्हणून मी सव्वा इंच म्हटलं.

"असे तीन परत आलेत," ती म्हणाली. "महिनाअखेरीला अकरा द्यायचेत. याही वेळी चुकले तर काम दुसऱ्याला देणार. त्यांचंही बरोबर आहे. पण मग मी रोज सकाळी उठून करू काय? अहो, मला माझं टेबल हवंय."

त्या टेबलाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ते बनवून घेतलं होतं. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, चौतीस इंच उंच. पायांना एकही स्क्रू नाही, सगळं सांध्यात बसवलेलं, त्यामुळे पाय सुटत नाहीत. त्याच्या लांब कडेवर मी स्वतः कानशीने इंचाइंचाला खाचा पाडल्या होत्या, आणि दर फुटाला एक जास्त खोल खाच. त्या माझ्या पितळी प्रमाणपट्टीवरून पाडल्या होत्या, बाजारातल्या टेपवरून नव्हे. पंचवीस वर्षं ती त्यावर कापड बेतत होती. घटस्फोटानंतर तिला जी खोली मिळाली तिच्यात ती तरी राहिली असती किंवा टेबल तरी. म्हणून टेबल 'तात्पुरतं' आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, रहिवाशांच्या वाचनालयात ठेवलं. वर्तमानपत्रं पसरायला ते इतकं सोयीचं निघालं की तात्पुरतं ते कायमचं झालं. आता तिने शेजारच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या.

"त्या टेबलावर मला डोळे लागत नाहीत," ती म्हणाली. "चोवीस म्हटलं की बोट चोविसाव्या खाचेवर जातं."

मी म्हटलं, त्यात काय, अर्ज करू. मी सरकारी माणूस आहे. जगातली कुठलीही गोष्ट अर्जाने होते अशी माझी श्रद्धा होती.

आमच्या रहिवासी समितीच्या सचिवांना सगळे ठरावकाका म्हणतात. जिन्यातला दिवा बदलायचा असला तरी ते आधी ठराव मांडतात, त्यामुळे आम्ही ठराव मंजूर होईपर्यंत चाचपडत चढतो. माणूस मात्र सज्जन. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मापसाहेब, टेबल बाईंचं आहे हे मला माहीत आहे. सगळ्या इमारतीला माहीत आहे. पण रजिस्टरला माहीत नाही."

त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. सतराव्या पानावर नोंद होती: 'टेबल, लाकडी, जुने, एक.'

"मग ती नोंद कमी करा."

"नोंद कमी करायची तर वस्तू निरुपयोगी ठरवावी लागते. त्यासाठी तिघांची समिती पाहणी करते. मोडकीतोडकी असली तर शेरा मारायचा आणि जो उचलून नेईल त्याला द्यायची. पण हे टेबल ठणठणीत आहे. मी खोटा शेरा कसा मारू?"

खोटा शेरा मारा असं मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार. मी विचारलं, "दुसरा काहीच मार्ग नाही?"

"आठ महिन्यांनी वार्षिक सभा आहे. तिथे दोनतृतीयांश मतांनी होऊ शकेल." मग जरा थांबून ते आपल्याच तंद्रीत म्हणाले, "चोरीला गेलं असतं तर सोपं होतं. 'चोरीस गेले' एवढा शेरा मारायचा. विषय संपला."

हे मी तिला हसत हसत सांगितलं. तिला हसू आलं नाही. तिने खाकी कागद घेतला, जमिनीवर पसरला, खडू घेतला आणि एखादा झगा बेतावा तशी चोरी बेतायला बसली.

एवढ्यात हे सगळं शेजाऱ्यांच्या कानावर गेलंच. म्हणजे चोरीचं नाही, टेबलाचं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, नवीन टेबल का घेत नाही, आणि त्याच दमात नवीन टेबलांना उधई कशी लागते तेही सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी डोळ्यांना गाजर सुचवलं, कारण गाजराने दातही बळकट होतात. परगावी असलेल्या मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून मी काही लपवत नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं एकत्र राहत होता तेव्हा एक खुर्चीसुद्धा एकमताने हलवली नाहीत. टेबल कसं हलवणार?"

प्रश्न रास्त होता. पहिलं भांडण वारावरून झालं. वाचनालय दुपारी दोन ते चार बंद असतं आणि किल्ली पाळीने एकेका सभासदाकडे असते. गुरुवारी माझ्याकडे. ती म्हणाली, गुरुवारी दुपारी करू. मी म्हटलं, माझ्या पाळीत चोरी होणं शक्य नाही, चौतीस वर्षांत झालेली नाही. शुक्रवारी करू, शुक्रवारी दंतवैद्यांची पाळी असते.

"म्हणजे आळ त्या बिचाऱ्यावर?" ती म्हणाली. "चोरी करायची तर स्वतःच्या पाळीत करावी माणसाने."

मी वहीत गुरुवार लिहून घेतला. असा एका वाक्यात निकाल लावायची तिची सवय अठरा वर्षांत सुटलेली दिसली नाही.

दुसरं भांडण वजनावरून. मी लाकडाची जात, जाडी आणि पायांचा घेर धरून हिशेब केला आणि टेबल ऐंशी किलोचं आहे, दोन किलो इकडेतिकडे, असं जाहीर केलं. एकाहत्तर आणि सदुसष्ट या वयात ऐंशी किलो उचलणं अशक्य आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, "ऐंशी उचलायला कोण सांगतंय? एका वेळी एकच टोक उचलायचं. चाळीस." कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली कपड्यांचे गठ्ठे न्यायची लांब, बुटकी चाकाची गाडी तिने मागून ठेवलीच होती. टेबल झाकायला आठ फुटांची चादर कुणाच्याच घरी नव्हती, म्हणून गाऊनचा पांढरा तागा घ्यायचं ठरलं. वाचनालयाचं दार मी मोजलं, छत्तीस इंच. तिच्या घराचं दार तिने मोजलं आणि पस्तीस सांगितलं. टेबल कुशीवर केलं की रुंदी चौतीस. म्हणजे दोन्हीकडे सुखरूप.

गुरुवारी सव्वादोनला आम्ही वाचनालयात शिरलो. मी दोनदा मागे वळून पाहिलं, तिने एकदाही नाही. तिने टेबलाच्या कडेवरून एकदा बोटं फिरवली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी नजर वळवून वर्तमानपत्रांच्या घड्या घालायला लागलो. मग तिने सांगितलं तसं टेबल आधी कुशीवर कलंडवलं, एक टोक उचललं, गाडी आत सरकवली, दुसरं टोक उचलून ढकललं. टेबल गाडीवर जाऊन बसलं. पाच मिनिटं लागली. खात्यात असताना मी अशा कामाला चार माणसं आणि एक दिवस मंजूर केला असता.

ती गाडीला तागा गुंडाळत असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. ठरवून नव्हे, हाताच्या सवयीने घडली. त्याबद्दल पुढे सांगतो.

आम्ही रस्त्यावर आलो. गाडीचं एक चाक डावीकडे ओढत होतं, त्यामुळे सावकाश जावं लागत होतं. चार पावलं गेल्यावर मी जरा लांबून आमच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि मला घाम फुटला. पांढऱ्या कपड्यात पायापर्यंत गुंडाळलेली एक लांबट पेटी, आणि तिच्यामागे माना खाली घालून मंदगतीने चाललेली दोन म्हातारी माणसं. समोरून येणारा सायकलवाला उतरून उभा राहिला. दुकानातल्या रेडिओचा आवाज बंद झाला.

समोरच्या वहिनी नेमक्या बाहेर उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "बाई, कोण हो?"

तिला वहिनींचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून सगळं कळलं. ती क्षणभरही थांबली नाही. "अठरा वर्षं परक्यांत काढली," ती म्हणाली. "आता घरी नेतोय."

"आजारपण काही कळलं नाही."

"आजारपण कसलं. तब्येत शेवटपर्यंत ठणठणीत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी माजी निरीक्षक म्हणून प्रमाणित करतो. वहिनी डोळ्यांना पदर लावून मागे चालू लागल्या. त्यांना पाहून आणखी दोघं आले, मग चौघं. कुणीतरी मला बाजूला करून गाडीला हात लावला, म्हणाले, तुम्ही दमलात. कोपऱ्यावरच्या तसबिरी करणाऱ्या दुकानदारानेही दुकान अर्धं ओढून घेतलं आणि येऊन हळूच मला विचारलं, फोटो आहे का एखादा चांगला. चौकात वाहतूक पोलिसाने दोन्ही बाजूंची वाहनं थोपवली आणि टोपी काढून उभा राहिला. आयुष्यात सरकारकडून मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आणि चौकात ठरावकाका भेटले. हातातली पिशवी त्यांनी खांद्याला अडकवली, गाडीला हात लावला आणि डावीकडे ओढणारं चाक सांभाळत ढकलू लागले. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शोकप्रस्ताव मांडावा लागेल. वय काय लिहू?"

मला खोटं बोलता येत नाही. "त्रेचाळीस," मी म्हटलं.

"फार लवकर," ठरावकाका म्हणाले, आणि त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

मला इतकं अपराधी वाटलं की मी तिच्या जवळ जाऊन ती हाताच्या सवयीची गोष्ट कबूल केली. मी वाचनालयात टेबलाच्या जागी पावती ठेवली होती. चौतीस वर्षं कुठल्याही दुकानातून खोटं वजन जप्त केलं की मी तिथे पावती ठेवायचो, त्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

ती चालता चालता थांबली. "सही केलीत?"

"सही, दिनांक, वेळ. नक्कल माझ्याकडे आहे."

तिने कडेच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. या खेपेला मात्र ती नजर तीच होती. मग ती हसली, अगदी मनापासून, आणि मागच्यांना रडते आहे असं वाटावं म्हणून तिने तोंड ताग्यात लपवलं.

तिच्या दारापर्यंत आम्ही पंचवीस-तीस माणसं झालो होतो. टेबलाचं टोक दारात घातलं आणि ते अडकलं. मागे घेऊन पुन्हा घातलं. पुन्हा अडकलं. मी खिशातून टेप काढून दार मोजलं. पावणेचौतीस इंच. तिने पस्तीस सांगितलं होतं. फरक सव्वा इंच.

तिला कोणी काही सांगितलं नाही. तिने माझ्या हातातल्या टेपचा आवाज ऐकला, माझं गप्प राहणं ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. दोष माझा होता. आयुष्यभर मी कुणाच्याही मापावर विश्वास ठेवला नाही, सख्ख्या भावाच्या दुकानातही वजनं उलटी करून पाहिली, आणि हिने पस्तीस म्हटल्यावर मी ते तसंच वहीत लिहून घेतलं. गाऊनची बाही मोजल्यानंतरसुद्धा. का लिहिलं ते मला माहीत आहे, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आतल्या बाजूला दारासमोर दोन फुटांवर जिना होता, त्यामुळे वळवून घ्यायलाही वाव नव्हता. जमलेल्यांनी तरी सल्ले द्यायला सुरुवात केली. डोकं आधी घ्या, नाही पाय आधी घ्या, अशी चर्चा रंगली असतानाच गल्लीच्या टोकाकडून दंतवैद्य धावत आले. हातात रबरी मोजे तसेच होते आणि एका हातात माझी पावती. पेपर घ्यायला म्हणून ते खाली उतरले होते, आणि आम्ही वाचनालयाचं दार उघडंच टाकलं होतं.

"'वाचनालयातून टेबल, लाकडी, एक, आज दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी ताब्यात घेतले,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही सही कुणाची, मापसाहेब? लवकर सांगा, माझा पेशंट तोंड उघडून बसलाय."

ठरावकाकांनी कापड उचललं. सगळे टेबलाकडे बघत राहिले. सगळ्यात जास्त राग वहिनींना आला. "मी दुपारीच डोळ्यांत औषध घातलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं वाहून गेलं."

"मी चोर आहे," मी म्हटलं. बोलताना मान खाली जाऊ नये म्हणून मी समोरच्या खांबाकडे बघत होतो. "तुम्ही शेरा मारा, काका. 'चोरीस गेले.'"

"कसा मारू?" ठरावकाका कळवळून म्हणाले. "चौकापासून मीच ढकलत आणलंय."

तेव्हा ती पुढे झाली. विनवणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. "टेबल बाहेर घ्या," ती म्हणाली, "आणि चार पायांवर उभं करा." पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईचा आवाज होता तो. लोकांनी मुकाट्याने केलं. भर गल्लीत टेबल उभं राहिलं. तिने त्यावर तागा पसरला, पिशवीतून कात्री काढली आणि मान वळवली. टेबलाकडे ती बघतच नव्हती, बघून उपयोगही नव्हता. डाव्या हाताचं बोट कडेवरून चालत गेलं, एका खोल खाचेवर थांबलं, पुढे सात खाचा मोजल्या, खडूची रेघ पडली. पुन्हा बोट चाललं. मग कात्री लागली. इतक्या माणसांत कात्रीचाच तेवढा आवाज येत होता. मी तिला शेकडो वेळा बेतताना पाहिलं होतं, पण तेव्हा मी जेवण कधी होणार याकडे लक्ष ठेवून असायचो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. इतकं स्वच्छ काम मी कुठल्याच खात्यात पाहिलेलं नाही.

पाव तासात पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या कापून झाल्या. "मोजा," ती म्हणाली. मी टेप घेऊन पुढे झालो, तर म्हणाली, "यांना नको, हे घरचे आहेत. काका, तुम्ही मोजा."

ठरावकाकांनी मोजलं. तसबिरीवाल्याचा धंदाच मापाचा, त्याला राहवेना, त्यानेही मोजलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

ठरावकाकांनी त्या कापलेल्या तुकड्यांची नीट घडी घातली. "बाई, टेबल तुमचंच आहे," ते म्हणाले. "पण ठणठणीत आहे हो. तीच तर अडचण आहे."

"अडचण पाव इंचाची आहे," तसबिरीवाला दाराकडे बघत म्हणाला. "पायांचा एकेक इंच कापला तर सरळ आत जाईल. माझी बारीक करवत दुकानात आहे."

ठरावकाकांचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी एकदाच पाहिला होता, पाण्याच्या टाकीचा ठराव एकमताने मंजूर झाला तेव्हा. "पाय कापले," ते हळूहळू म्हणाले, "म्हणजे मोडतोड. मोडतोड म्हणजे पाहणी." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून रजिस्टर काढलं आणि तिथेच पाहणी समिती नेमली. स्वतः ते, दंतवैद्य आणि ज्येष्ठ सभासद म्हणून मी. मग त्यांनी मला विचारलं, की मी इथे सभासद म्हणून हजर आहे की चोर म्हणून. मी प्रामाणिकपणे दुसरं सांगितलं, म्हणून माझ्या जागी वहिनींना घेतलं. 'सदर टेबलाचे चारही पाय तोकडे झाले असल्याने ते निरुपयोगी आहे' या शेऱ्यावर दंतवैद्यांनी मोज्यासकट सही केली आणि पेशंटकडे पळाले. वहिनींनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नेणारे दोघेही तसेच.' ते अजून रजिस्टरात आहे.

मी तिला हळूच विचारलं, "पाय कापलेले चालतील तुला?"

"कापा," ती म्हणाली. "माझीही उंची इंचभर कमी झालीच आहे. खांदा कमी दुखेल."

पायांवर खुणा मी केल्या. टेबल आत गेलं, खिडकीशी लागलं, जराही डुगडुगलं नाही. माणसं पाणी पिऊन पांगली. दिवेलागणीला अजून अवकाश होता. आता खरं तर माझं काम संपलं होतं, पण मला निघवेना. इतक्या वर्षांनी खाचा झिजल्या असतील, उगाच धोका नको, असं म्हणत मी घरी जाऊन पितळी प्रमाणपट्टी आणली आणि एक एक खाच तपासायला बसलो. ती पलीकडे दुसरा गाऊन बेतत होती.

एक्केचाळिसाव्या खाचेवर मी थांबलो. पट्टी उचलून पुन्हा लावली, चष्मा पुसून पुन्हा लावली. खाच एक सूत पुढे होती. झिजलेली नव्हती, मुळातच तिथे पाडलेली होती, माझ्या हाताने. चौतीस वर्षं ज्या चुकीसाठी मी लोकांना नोटिसा देत फिरलो, ती चूक माझ्या घरात, माझ्या बायकोच्या टेबलावर होती.

"एक्केचाळीस ना?" ती मान वर न करता म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. एक झगा वाकडा आला होता."

"मग बोलली का नाहीस? मी लगेच नीट केली असती."

"तुम्ही गावभर मापं तपासत फिरत होता," ती म्हणाली. "नवीन नोकरी, केवढा अभिमान. घरी आलात की हे सांगायचं? त्यापेक्षा मी तिथे सूतभर मागे थांबायला शिकले."

भांडायचं म्हटलं तर तिच्याकडे एवढं मोठं हत्यार होतं. घरात, कोर्टात, वकिलासमोर, कुठेही काढता आलं असतं. मी किती वेळा तिच्यासमोर अचूकपणाच्या बढाया मारल्या असतील, त्याची गणती नाही. तिने ते कधीच काढलं नाही. मी खिशातली कानस काढून त्या खाचेवर वाकलो.

तिने खाचेवर हात ठेवला. "राहू दे. आता नीट केलीत तर माझं बोट चुकेल," ती म्हणाली. "आणि जरा उजेडातून बाजूला व्हा. अजून नऊ गाऊन आहेत."

मी बाजूला झालो, आणि कापडाचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.